खानगाव थडीला, रविवारी

मुसळगावच्या कारखान्यात तीन महिने
प्रेसची मापं समजावून दमलेल्या इसोगाई-सानांनी
एका शनिवारी विचारलं, इथून समुद्र किती लांब?
कसारा उतरून चार तास, मी म्हटलं,
आणि तिथे उभं राहायला जागा नाही.
मग जवळचं काहीही चालेल, म्हणाले,
ज्याला काठ आहे असं.

म्हणून खानगाव थडी.
निफाडपाशी उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास,
पुढे द्राक्षबागा, फवारणीचा घशात बसणारा वास,
आणि मग रस्ता पाण्याशी येऊन
गप्प बसतो.

इथे सगळे पक्षी बघायला येतात.
भाऊलाल दुर्बीण पुढे करतो: थापट्या, तलवार बदक,
तो नारिंगी चक्रवाक, लडाखवरनं आलाय बघा.
इसोगाई-सान मान तुकवतात
आणि बघतात बाभळीवर टाकलेलं जाळं,
निळ्या दोऱ्यानं तीनदा शिवलेलं,
पत्र्यावर वाळणारी चिलापी,
दारात उभा केलेला ट्रॅक्टरचा इनर.
त्याला थर्माकोल बांधून सखाहरी गांगुर्डे
रोज पहाटे गोदा आणि कादवेच्या मध्ये जातो.

जाळ्याच्या एका गाठीपाशी ते थांबले.
वाकून ती सोडली, आपल्या पद्धतीनं बांधली.
सखाहरीनं बघितलं,
सोडली, पुन्हा आपल्या पद्धतीनं बांधली.
दोघं हसले.
दुभाषी म्हणून मला तेवढा वेळ काही काम नव्हतं.

दुपारचं गाव. टपरीला गोणपाटाचा पडदा,
गंजलेल्या तराजूवर झोपलेलं मांजर.
शाळेच्या पटांगणात रविवार असूनही पोरं होती.
इसोगाई-सानांनी बोटं मोडत मोजली: अकरा.
आमच्या गावात शेवटी एकच उरला, म्हणाले.
घंटा तोच वाजवायचा
आणि मग तोच पळत वर्गात जायचा,
उशीर होऊ नये म्हणून.

तेवढ्यात बंधाऱ्यावरचा भोंगा झाला.

मी पाण्याची बाटली उघडत होते.
त्यांनी माझं मनगट धरलं
आणि काही न बोलता चालायला लागले,
पळत नव्हते, पण मला पळावं लागत होतं,
निरीक्षण मनोऱ्याच्या जिन्यावर,
एकेक पायरी सोडून,
त्रेसष्ट वर्षांचा माणूस.
वर पोहोचल्यावर त्यांनी खाली पोरं मोजली
आणि मला विचारलं, किती मिनिटांत येईल?

येणार नाहीये, म्हटलं. जातंय.
कालव्याला सोडलंय, वैजापूरकडे. आवर्तन आहे.

जातं तेव्हा वाजवतात?
हो.
बराच वेळ कठड्याला धरून उभे होते.
मनगटावर त्यांच्या बोटांचे चार वळ,
ते दिसू नयेत म्हणून मी बाही खाली ओढली.
खाली पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं,
आणि उघड्या पडलेल्या चिखलात
बगळे आधीच येऊन उभे.

उतरताना मात्र एकेक पायरी घेतली.
काठाशी बसून त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली.
गोडं आहे, सखाहरी म्हणाला.
आता हे कसं सांगायचं?
त्यांच्या भाषेत गोड म्हटलं तर साखर.
शेवटी त्यांचाच शब्द आठवला, मामिझु,
मीठ नसलेलं पाणी.
अक्षरं फोडली तर नुसतं: खरं पाणी.
ते सखाहरीला सांगितलं तर म्हणाला,
मग समुद्रातलं काय खोटं असतंय का?
याचं भाषांतर मी केलं नाही.

निघताना त्यानं ओल्या पोत्यात मरळ दिला.
पैसे घेतले नाहीत; भाऊलालनं शंभर घेतले.
सिन्नरपर्यंत गाडीला वास.
पोत्यातली धडपड नांदूर शिंगोट्याच्या फाट्याआधीच थांबली होती,
पण इसोगाई-सान मांडीवरचं पोतं
दोन्ही हातांनी धरून बसले होते.

सोमवारी टेबलावर ड्रॉइंगची गुंडाळी होती,
निळ्या दोऱ्यानं बांधलेली.
गाठ सखाहरीची.
मी सोडायला गेले,
सुटेना.